रीताच्या लग्नाचा पेनड्राइव्ह

पुनर्वसनाच्या गावात कोणी मेलं की लोक आधी लाकडं पाहायचे, मग तिरडीचे बांबू, आणि मग रीताच्या दारात यायचे.

"रीताबाई, पेनड्राइव्ह देजो व माय. आमच्या बुढीचा फोटो काढाचा हाये."

रीता शिलाई मशीन थांबवायची, रिळांच्या डब्यातून लाल चिंधीत गुंडाळलेला पेनड्राइव्ह काढायची आणि द्यायची. कधी नाही म्हटलं नाही. जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली जाण्याआधी तिथं लागलेलं शेवटचं लग्न तिचं. अख्खं गाव त्या मांडवात होतं. पुढं कोणी पुनर्वसनात आलं, कोणी लेकीकडं गेलं, कोणी नागपुरात चौकीदारी धरली. छपराची कवेलू उतरवण्यात आणि बैलांना गिऱ्हाईक शोधण्यात जन्म गेलेल्या माणसांनी म्हाताऱ्यांचे फोटो कधी काढायचे? आधारकार्डावर असतो म्हणा. पण तो मोठा केला की आपला बाप चोरीत सापडल्यासारखा दिसतो. मग रीताच्या लग्नाच्या शूटिंगात शोधायचं. ही पाहा पंगतीत बसली, हा पाहा अक्षता टाकून राहिला. पवनीला शूटिंगवाल्या अतुलच्या दुकानात तेवढं चित्र थांबवायचं, आजूबाजूची माणसं खोडायची, मागं निळं आभाळ लावायचं, की तेरवीचा फ्लेक्स तयार.

पुनर्वसनातल्या निम्म्या भिंतींवर हार घालून टांगलेली माणसं अशी रीताच्या लग्नातली होती. कोणाच्या गालाला हळद, कोणाच्या हनुवटीला बुंदीचा दाणा. एका बुढ्याच्या खांद्यावर तर अतुलनं शूटिंगात कम्प्युटरवरून सोडलेलं गुलाबाचं फूल तसंच राहिलं. त्याची पोरं म्हणाली, राहू द्या, छान दिसते.

लग्नानं गावाला एवढं दिलं. रीताला काय दिलं? एक सासरा, ज्याला सून म्हणजे धरणाचा मोबदला मिळालेल्या माणसाची तिजोरी वाटली, आणि एक नवरा, जो बापाच्या मागं उभा राहून नखं चावायचा. लग्नाच्या आठवड्यात बापानं चारचाकी दिली होती. ती गाडी नवऱ्यानं झाडावर घातली आणि दुसरी माग म्हणाला. रीता एका बॅगेत कपडे भरून माहेरी आली ती आलीच. तिच्या मागं सासऱ्यानं अल्बम अंगणात जाळला. पेनड्राइव्ह तेवढा तिच्या पर्समध्ये होता म्हणून वाचला. तिनं स्वतः तो पिक्चर एकदाच पाहिला होता, नवी नवरी असताना. पुन्हा पाहायची हिंमत नव्हती, आणि हौस तर नव्हतीच.

त्या गाडीचा राग तिनं आयुष्यभर बापावर काढला. धनीराम जेवायला बसला आणि भाजीत मीठ कमी म्हणाला, तरी ती म्हणायची, "मोठे हौशी! गाडी द्याची हौस होती न तुमाले! गावाले दाखवाचं होतं, धनीरामनं पोरीले गाडी देल्ली. भोगा आता."

धनीराम ताटावर वाकायचा. एकदाही उलटून बोलला नाही. रीताला वाटायचं, खरं आहे म्हणून बोलत नाही.

या उन्हाळ्यात धनीराम मेला. उन्हाळी धानाच्या बांधीत पाणी फिरवायला गेला, धुऱ्याच्या बांधावर बसला, आणि बसल्या बसल्याच गेला. शेजारच्या बांधीतल्या माणसाला वाटलं, बुढा डुलकी काढतो आहे.

माती झाली. लोक पांगले. रीताचा धाकटा भाऊ सचिन फ्लेक्सच्या मागं लागला, आणि तेव्हा घरात पहिल्यांदा सगळ्यांच्या ध्यानात आलं की धनीरामचा फोटोच नाही. आधारकार्डावरचा होता, तो घासून पांढरा झालेला. बाकी एकही नाही. लग्नाचा अल्बम जळला. पुढं हातोहाती मोबाइल आले, पण धनीरामच्या समोर कोणी मोबाइल वर केला की त्याच्या दुपट्ट्याचं टोक तोंडावर. "कायले फोटो? मी का हिरो हाये?" पोरं हसायची. सचिनच्या मोबाइलमध्ये धनीरामचे फोटो होते तसे, पण सगळ्यांत दुपट्टा. डोळे तेवढे दिसायचे, तेही मिटलेले. आणि रीतानं गावभरच्या मेलेल्यांना तोंड दिलं, पण बापाचं काढून ठेवलं नव्हतं. जित्या माणसाचा फोटो असा कोणी काढून ठेवतं का? अपशकुन असतो.

"ताई, चिंता नोको करू," सचिन म्हणाला. "पेनड्राइव्ह हाये न."

तो पेनड्राइव्ह घेऊन आसगावच्या फ्लेक्सवाल्याकडं गेला आणि तासाभरात परत आला. चेहरा उतरलेला.

"उघडूनच नाही राहिला. थो म्हणे, फॉरमॅट करू का? म्या म्हटलं, हात नोको लावू. अन् खसकन ओढून घेतला."

रीतानं पेनड्राइव्ह हातात घेतला, फुंकर मारली, पदरानं पुसला. जसं काही धूळ बसली होती. "मागच्या साली तर चांगला होता. कोनं नेल्ता शेवटी?"

भिंतीला टेकून तुलाराम बसला होता. शेजारचा, धनीरामच्या बरोबरीचा, जुन्या गावातही शेजारचाच. माती झाल्यापासून तो घरी जातच नव्हता. नुसता बसायचा. आता तो उठला आणि पायात चप्पल शोधू लागला.

"तुलाराम काकाजी," रीता म्हणाली. "तुमी नेल्ता. ललिताबाई गेल्यावर."

"हो बाई. आणून देल्ला न पण. त्याच चिंधीत."

"लावला कशात?"

तुलाराम चप्पल शोधतच राहिला. चप्पल त्याच्या पायातच होती. मग तो खाली बसला, आणि जे बोलला ते जमिनीकडं पाहून बोलला. बायकोचा, ललिताबाईचा, फोटो त्याला नको होता. तिचा फोटो रेशनकार्डाच्या वेळचा होता घरी. त्याला ती नाचताना पाहायची होती. रीताच्या हळदीला, लग्नाच्याच सकाळी, ललिताबाई डोक्यावर कळशी घेऊन नाचली होती. अख्ख्या जन्मात तेवढीच नाचली. तर त्यानं पेनड्राइव्ह आपल्या टीव्हीच्या डब्याला लावला. डब्यानं काहीतरी विचारलं.

"काय विचारलं?"

"मले का ठावूक बाप्पा? इंग्रजीत होतं. खाली दोन बटनं दाखवत होता, एक लाल, एक हिरवं. लाल म्हंजे बंद असन असं वाटलं. म्या हिरवं दाबलं."

या देशात माणसाच्या घरात टीव्ही पोचवला जातो, डबा पोचवला जातो, महिन्याच्या महिन्याला पैसे कापले जातात. आणि त्याच्या मेलेल्या बायकोचं नाचणं कायमचं पुसायचं का, हे मात्र त्याला इंग्रजीत विचारतात. तुलारामनं हिरवं दाबलं. हिरवं म्हणजे चांगलं. सिग्नलला हिरवं, धानाला हिरवं.

"मग?"

"मग पडदा कोरा. म्या पुन्हा दाबलं, मंग एक लाल गोल ठिपका आला. सिरियल चालू होती. थेच चालू राहिली. म्या भेलो अन् काढून घेतला."

"अन् वर्षभर तोंड उचकटलं नाही तुमी!" रीताचा आवाज चढला. "थ्या जाधवाची बुढी मेली तवा मी मनात म्हटलं, कोनीच कसं नाही आलं पेनड्राइव्ह मांगाले. तुमीच त्याइले म्हटलं असन, खराब झाला म्हणून."

तुलाराम पायातली चप्पल काढून बाजूला ठेवू लागला. म्हणजे म्हटलं होतं.

"लाज नाही वाटली? माहा बाप हाये त्याच्यात!"

आतून रीताची आई, बेबीबाई, म्हणाली, "राहू दे व. त्याची बी बायको हाये त्याच्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं रीता पवनीला निघाली. स्टॉपवर तुलाराम आधीच उभा होता, धुतलेला कुडता घालून. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. तो मागच्या सीटवर बसला.

अतुलचं दुकान बाजाराच्या तोंडाशी. पुढं मोबाइलची कव्हरं, मागं कम्प्युटर. लग्नाचं शूटिंग त्यानंच केलं होतं, तेव्हा त्याच्या मिशा नव्या होत्या. आता पोट सुटलेलं. त्याच्याकडं लग्नाची दुसरी कॉपी होती, पण वैनगंगेला मोठा पूर आला तेव्हा दुकानात कमरेएवढं पाणी होतं. त्या हार्डडिस्कमध्ये पवनी तालुक्यातली किती लग्नं सडली, त्याचा हिशेब त्यालाच नाही.

त्यानं पेनड्राइव्ह लावला. कम्प्युटरनंही तेच विचारलं, फॉरमॅट करायचं का.

"नाही," रीता ओरडली.

"नाही करत, ताई." अतुलनं नाहीचं बटन दाबलं. "असं आहे पाहा. डब्यानं पुसलं म्हणजे काय केलं, दाराची पाटी काढून फेकली. घरं आतच असतात. कोणतं घर कोणाचं, ते समजत नाही फक्त. पण काका म्हणते तो लाल ठिपका म्हणजे रेकॉर्डिंग. पुसल्यावर डब्यानं सिरियल भरली न, त्या सिरियलनं जेवढी घरं पाडली, तेवढी गेली. बाकीची निघतील."

"किती पाडली?"

"चालवून पाहू."

पडद्यावर एक पट्टी सरकू लागली. तिघंही तिच्याकडं पाहत बसले. जुन्या गावात पाणी चढत होतं तेव्हा असंच बसायचे लोक, धुऱ्यावर, आज कुठवर आलं ते पाहत. तुलारामनं पिशवीतून चिवडा काढला, रीतापुढं धरला. तिनं मान फिरवली. त्यानं पुडी पुन्हा बांधली.

निघाली आधी सिरियल. एक बाई दुसऱ्या बाईला थोबाडीत मारायला हात उचलते आणि तसाच धरून ठेवते. मग लग्नाचे तुकडे. एकात मांडवाचा खांब आणि बाकी सगळं राखाडी. एकात नवरदेवाचे बूट. एकात आवाज फक्त, बँडचा, आणि कोणीतरी म्हणतंय, "अबे, पोळ्या कमी पडून राहिल्या." हळदीच्या तुकड्यात पिवळे पाय दिसले, मातीवर थापकन पडणारे. वर काही नाही. चौकोन नुसते.

"थे पाय..." तुलाराम खुर्चीतून उठला. "थे तिचेच असतीन?"

"सांगता नाही येत काका."

तुलाराम बराच वेळ त्या पायांकडं पाहत राहिला. मग म्हणाला, "नाही. तिच्या पायात जोडवे जाड होते."

अतुल एकेक तुकडा उघडत गेला. धनीराम कुठंच नव्हता. लग्नात पोरीचा बाप असतोच कुठं? तो पंगतीच्या मागं असतो, पाण्याच्या टाकीपाशी असतो, जावयाच्या मामाची समजूत काढत असतो. दोनदा दिसला, दोनदा पाठ.

"एवढंच?" रीतानं विचारलं.

"अजून एक फाइल आहे खाली. ही मोठी आहे. पूर्ण आहे." अतुलनं ती उघडली, दोन क्षण पाहिली आणि चटकन बंद केली.

"काहून बंद केली?"

"ही खराब आहे ताई."

"आताच तर पूर्ण म्हटलं तुमी. लावा."

"ताई..."

"लावा म्हटलं न. माहं लगन हाये, तुमचं नाही."

अतुलनं लावली आणि स्वतः उठून काउंटरपाशी गेला, कव्हरं नीट लावत बसला.

मांडवाची मागची बाजू. चुलाण्याचा धूर. कॅमेरा हलतो आहे, कोणीतरी धक्का दिल्यासारखा. सासरा उभा, फेट्यात, हात मागं बांधून. त्याच्यासमोर धनीराम. पहिल्यांदा पाठच. मग तो वाकतो. खांद्यावरचा दुपट्टा काढतो आणि सासऱ्याच्या बुटांवर ठेवतो. सासरा पाय मागं घेत नाही.

"मोटरसायकल देल्ली, म्हणते! धरणाचा पैसा डुबवाले ठेवला का? वरात वापस नेतो मी. पोरगी ठेव घरात, लोणचं घाल."

"देतो न समधी. गाडी देतो. चारचाकी देतो. या हप्त्यात देतो. लगन लागू द्या. पाया पडतो तुमच्या."

बाजूला पाचसहा माणसं. सगळी वेगवेगळीकडं पाहत. कोणी मांडवाच्या कापडाकडं, कोणी चुलाण्याकडं. मग उजवीकडून एक बाई शिरते, डोक्यावरची कळशी काखेत घेतलेली, तोंड हळदीनं माखलेलं. ललिताबाई. ती सासऱ्याकडं पाहतसुद्धा नाही. धनीरामच्या दंडाला धरते आणि ओढते.

"उठा जी भाऊ. उठा म्हटलं न. पोरगी आतून पाहाते."

धनीराम दचकून मान वळवतो. हात तसेच जोडलेले. पोरगी कुठं आहे ते शोधतो, आणि त्याचे डोळे सरळ कॅमेऱ्यात येतात. समोरून, पूर्ण चेहरा, नाक, मिशा, कानाजवळचा तीळ. मग तो म्हणतो, "बंद कर रे. ये बाबू, बंद कर थे." आणि पडदा काळा.

रीता आतून पाहत नव्हती. रीता आत आरशासमोर बसली होती आणि मैत्रिणीला विचारत होती, टिकली वाकडी तर नाही न लागली.

दुकानात पंख्याचा आवाज होत होता. तुलाराम रडत होता. त्याला लपवता येत नव्हतं. रीता रडली नाही. तिला भाजीतलं मीठ आठवत होतं. मोठे हौशी. गाडी द्याची हौस होती न तुमाले.

"हे पिक्चरमध्ये नव्हतं," ती म्हणाली.

अतुल काउंटरपासूनच बोलला. "तुमचे बाबा आले होते दुकानात. पेनड्राइव्ह तुम्हाले द्याच्या आधी. म्हणे, सगळं दाखव. मी दाखवलं. हे पाहून म्हणे, पुसून टाक, पोरीले दिसाले नोको. मी त्यांच्या समोर पेनड्राइव्हवरून पुसलं. मले का माहीत, असं वर येते म्हणून. पिक्चर गेला अन् हे राहिलं."

"अन् तुमी कोनाले बोलले नाही?"

"त्यांनी सोगंद घातली होती. बाहेर निघताना दुपट्टा तोंडावर घेतला त्यांनी. दुकानात काही फोटो काढत नव्हतो मी."

रीताचा मोबाइल वाजला. सचिन. "ताई, भेटला का? फ्लेक्सवाला घाई करून राहिला. तेरवी तोंडावर आली. नुसतं तोंड दिसलं तरी चालते म्हणते."

"पाहून राहिली," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

अतुल परत येऊन बसला. त्यानं शेवटचा क्षण पडद्यावर थांबवला. धनीराम हात जोडून समोर पाहतो आहे.

"ताई, राग नोका धरू. पण हा फोटो चांगला आहे. समोरून आहे, हात जोडलेले आहेत. फ्लेक्सवर असाच लागते. लोकाइले वाटन, बुढा नमस्कार करून राहिला."

खरं होतं ते. निळं आभाळ मागं लावलं, सासरा खोडला, की कोणाला काय कळणार? पुनर्वसनाच्या फाटकावर बापाचा मोठा फ्लेक्स लागेल आणि येणारा जाणारा म्हणेल, धनीराम भाऊ पाहा कसे हात जोडून उभे आहेत, जित्यापणीही असेच गरीब होते. पण जो कोणी त्या फ्लेक्ससमोर उभा राहील, तो सासऱ्याच्या बुटांच्या जागी उभा राहील. सचिन उभा राहील. आई उभी राहील. आणि रीता समोर गेली की बाप पुन्हा दचकेल, पोरीनं पाहिलं का म्हणून.

तिनं बापाच्या चेहऱ्याकडं पाहून घेतलं. कानाजवळचा तीळ तिला ठाऊकच नव्हता. इतकी वर्षं ताट वाढलं, आणि तीळ दिसला नव्हता.

"पुसा," ती म्हणाली.

"ताई?"

"त्याइनं पुसाले सांगतलं होतं न? तुमी अर्धवट पुसलं. आता पुरं पुसा. पुन्हा कोनाले दिसाले नोको, कोन्या कम्प्युटरवर दिसाले नोको, असं पुसा."

"त्याच्यावर दुसरं काही भरावं लागते मग. गच्च भरावं लागते, काठोकाठ."

"भरा."

"थांब व माय!" तुलाराम मधे आला. "थांब जरासक. माही हाये न थ्याच्यात. आणखी कुठीच नाही राहिली थे. बोलली पाहा कशी. तिचा आवाज हाये त्याच्यात."

रीतानं त्याच्याकडं पाहिलं. याच माणसाच्या हिरव्या बटनानं तिच्या बापाचं हसतं, खातं, कोणाला हाक मारतं तोंड, जे काही असेल ते, खाऊन टाकलं होतं. तिच्या जिभेवर आलं होतं, दाबा न तुमीच, हिरवं दाबा. आलेलं तिनं गिळलं. मांडवाच्या मागं एवढी माणसं उभी होती, आणि बापाला उठवायला एकीनंच हात दिला होता.

"आवाज नाही देता येत काकाजी," ती म्हणाली. "आवाजासंग बाबा येते. फोटो घ्या तिचा. अतुलभाऊ, बाईचा काढून द्या. निसता बाईचा."

अतुलनं ललिताबाईवर चित्र थांबवलं. हळदीनं माखलेलं तोंड, काखेत कळशी, डोळ्यांत राग. एका हातानं ती कोणालातरी धरून आहे. त्यानं धनीराम कापत कापत आणला, पण दंडापाशी अडला. "इथून कापलं तर बाईचं बोट जाते."

"राहू द्या तेवढं."

फोटो छापून झाल्यावर अतुलनं कम्प्युटरवरची फाइल उडवली, कचऱ्याच्या डब्यातूनही काढली. मग पेनड्राइव्हकडं वळला. "काय भरू?"

"काही भरा."

त्याच्याकडं या हंगामातली लग्नं होती. तीच त्यानं भरायला घेतली. पट्टी पुन्हा सरकू लागली. कोणाकोणाचे मांडव, कोणाचे नवरदेव घोड्यावर, कोणाचे बाप पाण्याच्या टाकीपाशी. रीता पट्टी काठाला लागेपर्यंत बसून राहिली. तुलारामनं पुन्हा चिवडा पुढं केला. या वेळी तिनं घेतला.

घरी आल्यावर सचिननं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "नाही निघाला."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

सचिन भिंतीवर हात आपटत म्हणाला, "दुनियेच्या मेल्याइले तोंड देल्लं तू. रस्त्यानं जानाऱ्याले देल्लं. अन् आपल्या बापाच्या टायमाले नाही निघाला! गाडीचा राग काढला तू, दुसरं काय?"

रीता मशीनवर बसली. सुईत दोरा ओवायला तिला बराच वेळ लागला. बेबीबाई चुलीपासून उठून आली, लेकीच्या तोंडाकडं नीट पाहिलं, आणि तिला जे समजायचं ते समजलं. ती हळूच म्हणाली, "बरं झालं." सचिनला ते ऐकू गेलं नाही.

तेरवीच्या फ्लेक्सवर फोटोच्या जागी जळती समई होती. लोक बोलायचे ते बोलले. पंगतीत बसून बोलले, वडे खात बोलले. बापाले फोटो नाही लावला पोरीनं, दगडाची हाये. तुलाराम वाढायला होता. त्याच्या कानावर सगळं येत होतं. तो भाताची परात घेऊन पुढं सरकायचा.

आता कोणी मेलं तर रीताच्या दारात कोणी येत नाही. लोकांनी आधारचेच फोटो मोठे करायला घेतले आहेत.

तुलारामच्या घरी, टीव्हीच्या वर, ललिताबाईचा नवा फोटो लागला आहे. पाहुणे विचारतात, बाई चिडलेली काहून दिसते? आणि हा कोणाचा हात आहे कडेला? फोटोच्या डाव्या कडेला पांढऱ्या बाहीचा दंड आणि कोपर आला आहे, तिनं घट्ट धरलेला. तुलाराम म्हणतो, "असन कोनाचा तरी. लगनाची गर्दी."

रीता अधूनमधून त्याच्याकडं जाते. कधी शिवलेली उशीची खोळ द्यायला, कधी कांदा मागायला. उभ्या उभ्या त्या कोपराकडं पाहते. बाहीला कोपराशी ठिगळ आहे. लग्नात घालायला बापानं स्वतःला नवा सदरा शिवला नव्हता, हे तिला तिथं उभं राहून समजलं.

"बस न व," तुलाराम म्हणतो.

"नाही जी काकाजी. मशीन चालू ठेवून आली."